झिम्बाब्वेतली कॉलऱ्याची साथ: मीठ-साखरेच्या पाण्याने बरा होणारा आजार ४,००० जणांचा जीव कसा घेतो?

ऑगस्ट २००८ मध्ये झिम्बाब्वेची राजधानी हरारेजवळच्या चिटुंगविझा शहरात जुलाब-उलट्यांचे रुग्ण अचानक वाढले. तपासणीत हा कॉलरा असल्याचं निष्पन्न झालं. आपल्याकडची जुनी माणसं ज्याला 'पटकी' म्हणतात, तोच हा आजार.

पुढच्या काही महिन्यांत ही साथ देशाच्या दहाही प्रांतांत पोहोचली. जुलै २००९ मध्ये ती संपली, तोवर सुमारे ९८,५०० जणांना लागण झाली होती आणि ४,२०० हून अधिक लोकांचा मृत्यू झाला होता.

हा आकडा धक्कादायक आहे, कारण कॉलरा हा उपचार करायला तसा सोपा आजार आहे. बहुतेक रुग्ण मीठ-साखरेच्या पाण्याने, म्हणजे जलसंजीवनीने बरे होतात. त्यासाठी महागडी औषधं लागत नाहीत की मोठी शस्त्रक्रिया लागत नाही.

मग एवढे मृत्यू का झाले? साथ पसरली कशी? आणि त्यानंतरही झिम्बाब्वेत कॉलरा पुन्हा पुन्हा का येतो?

कॉलरा नेमका होतो कसा?

'व्हिब्रिओ कॉलरी' नावाच्या जीवाणूमुळे कॉलरा होतो. रुग्णाच्या विष्ठेतून हा जीवाणू बाहेर पडतो आणि दूषित पाण्यातून किंवा अन्नातून दुसऱ्याच्या पोटात जातो. म्हणजे एका माणसाचा मैला दुसऱ्याच्या पिण्याच्या पाण्यात मिसळल्याशिवाय कॉलऱ्याची मोठी साथ येत नाही.

पोटात गेल्यावर हा जीवाणू लहान आतड्यात एक विष तयार करतो. त्यामुळे शरीरातलं पाणी आणि क्षार आतड्यात झिरपू लागतात आणि भाताच्या पेजेसारखे पातळ जुलाब सुरू होतात. लागण झाल्यापासून १२ तास ते ५ दिवसांत लक्षणं दिसतात.

लागण झालेल्या बहुतेकांना फारसा त्रास होत नाही. पण त्यांच्याही विष्ठेतून १ ते १० दिवस जीवाणू बाहेर पडत राहतात. ठणठणीत दिसणारा माणूस बसने दुसऱ्या गावी जातो आणि आजारही सोबत नेतो, तो असा.

ज्यांना तीव्र कॉलरा होतो, त्यांच्या शरीरातलं पाणी इतक्या झपाट्याने कमी होतं की उपचार मिळाले नाहीत तर काही तासांत मृत्यू होऊ शकतो. उपचाराचं तत्त्व मात्र साधं आहे. जेवढं पाणी आणि क्षार गेले, तेवढे परत भरून काढायचे. रुग्ण पिऊ शकत असेल तर जलसंजीवनी, अगदीच गळून गेला असेल तर शिरेतून सलाईन आणि काही रुग्णांना अँटिबायोटिक्स.

जलसंजीवनीची ताकद जगाला पटली ती भारतातल्या एका अनुभवानंतर. १९७१ च्या बांगलादेश मुक्तियुद्धाच्या काळात पश्चिम बंगालमधल्या बनगाव इथल्या निर्वासितांमध्ये कॉलरा पसरला होता. सलाईनचा साठा अपुरा पडू लागला, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांच्या पथकाने मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज यांचं मिश्रण पाण्यात विरघळवून रुग्णांना पाजलं. तोवर सुमारे ३० टक्के असलेला मृत्युदर ४ टक्क्यांच्या खाली आला.

योग्य उपचार वेळेत मिळाले तर कॉलऱ्याचा मृत्युदर १ टक्क्याच्या खाली ठेवता येतो, असं जागतिक आरोग्य संघटना (डब्ल्यूएचओ) मानते. झिम्बाब्वेत २००८-०९ मध्ये तो ४.३ टक्के होता. साधा हिशेब केला तर ९८,५०० रुग्णांमागे १ टक्का म्हणजे साधारण ९८५ मृत्यू. प्रत्यक्षात ४,२०० हून अधिक झाले. म्हणजेच लागण झाल्यानंतरही ३,००० हून अधिक जीव वाचवता येण्यासारखे होते.

साथीची सुरुवात कुठे झाली?

सुरुवातीचे रुग्ण चिटुंगविझामधल्या सेंट मेरीजसारख्या वस्त्यांमध्ये सापडले. चिटुंगविझा हे हरारेत कामाला जाणाऱ्या लाखो लोकांचं शहर. त्याला स्वतःचा पाणीपुरवठा नाही, पाणी हरारेकडूनच मिळतं. हरारेत टंचाई झाली की चिटुंगविझाचे नळ कोरडे पडतात.

ही पहिली लाट काही आठवड्यांत ओसरली. पण ऑक्टोबरमध्ये हरारेच्या बुडिरिरो या दाट वस्तीत साथीने पुन्हा डोकं वर काढलं आणि यावेळी ती आवरली नाही. हरारेतले बहुसंख्य रुग्ण सुरुवातीला याच भागातले होते.

बुडिरिरोत नळाला पाणी येत नव्हतं. लोकांनी अंगणात आणि मोकळ्या जागेत उथळ विहिरी खणल्या होत्या. दुसरीकडे फुटलेल्या मलवाहिन्यांमधून मैला रस्त्यांवरून, घरांसमोरून वाहत होता. शौचालयं घराघरांत होती, पण पाण्याअभावी ती वापरता येत नव्हती, म्हणून लोक उघड्यावर जात. हाच मैला जमिनीतून आणि पावसाच्या पाण्यासोबत विहिरींत उतरत होता.

२००५ मध्ये सरकारने 'ऑपरेशन मुरांबात्स्विना' नावाची मोहीम राबवून शहरांमधली अनधिकृत घरं आणि टपऱ्या पाडल्या होत्या. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार सुमारे ७ लाख लोकांनी त्यात घर, रोजगार किंवा दोन्ही गमावलं. त्यातले अनेक जण आधीच भरलेल्या वस्त्यांमध्ये नातेवाईकांकडे राहायला गेले. त्याच नळांवर आणि त्याच गटारांवर आणखी माणसांचा भार पडला.

हरारेच्या नळाला पाणी का येईनासं झालं?

हरारेला मुख्यतः चिवेरो तलावातून पाणी मिळतं. १९५२ मध्ये धरण बांधून हा तलाव तयार झाला. त्याची एक मोठी अडचण आहे. तो शहराच्या खालच्या अंगाला आहे. हरारेतून वाहणाऱ्या मुकुविसी आणि मारिंबा या नद्या शेवटी याच तलावाला येऊन मिळतात. म्हणजे शहर जे पाणी वापरून सोडून देतं, तेच फिरून पिण्याच्या पाण्याच्या तलावात येतं.

सांडपाणी प्रक्रिया केंद्रं नीट चालली, तर यात धोका नाही. पण शहर वाढत गेलं, केंद्रांची क्षमता आणि देखभाल त्या प्रमाणात वाढली नाही. यंत्रं बंद पडू लागली आणि कच्चा मैला नद्यांमध्ये सोडला जाऊ लागला. तलावाचं पाणी जितकं घाण, तितकी ते शुद्ध करायला लागणारी रसायनं जास्त आणि खर्चही जास्त, असं हे चक्र होतं.

याच काळात पाण्याचा कारभारही बदलला. २००० नंतर हरारेसह अनेक शहरांच्या पालिकांमध्ये विरोधी पक्ष 'मूव्हमेंट फॉर डेमोक्रॅटिक चेंज' (एमडीसी) बळकट झाला होता. २००५ च्या सुमारास केंद्र सरकारने हरारेचा पाणीपुरवठा पालिकेकडून काढून 'झिनवा' या राष्ट्रीय जल प्राधिकरणाकडे दिला. विरोधी पालिकांची ताकद कमी करण्यासाठी आणि पाणीपट्टीचं उत्पन्न हातात घेण्यासाठी हे केलं गेल्याचा आरोप तेव्हा झाला. झिनवाकडे एवढ्या मोठ्या शहराचा पाणीपुरवठा चालवण्याचा अनुभव, माणसं आणि पैसा अपुरा होता. गळक्या जलवाहिन्या, बंद पडलेले पंप आणि वीज खंडित होण्याचे प्रकार वाढत गेले.

डिसेंबर २००८ च्या सुरुवातीला तर शुद्धीकरणासाठी लागणारं ॲल्युमिनियम सल्फेट संपल्याने हरारेच्या बहुतांश भागाचा पाणीपुरवठाच बंद झाला. गढूळ पाण्यातला गाळ खाली बसवण्यासाठी आपण तुरटी फिरवतो, तेच काम हे रसायन मोठ्या प्रमाणावर करतं. कॉलऱ्याची साथ ऐन भरात असताना राजधानीचं पाणी तोडावं लागलं होतं.

चलन कोसळल्याचा कॉलऱ्याशी काय संबंध?

१९८० मध्ये स्वतंत्र झालेल्या झिम्बाब्वेची आरोग्य आणि शिक्षण व्यवस्था सुरुवातीच्या दशकात आफ्रिकेतल्या चांगल्या व्यवस्थांमध्ये गणली जायची. २००० पासून गोऱ्या जमीनदारांच्या शेतजमिनी घाईने ताब्यात घेण्याची मोहीम सुरू झाली, शेतीचं उत्पादन घसरलं, निर्यात आणि परकीय चलन आटलं. तूट भरून काढण्यासाठी सरकारने नोटा छापायला सुरुवात केली.

जुलै २००८ मध्ये वार्षिक महागाईचा अधिकृत दर २३ कोटी टक्क्यांच्या पुढे गेला होता. जानेवारी २००९ मध्ये मध्यवर्ती बँकेने १०० ट्रिलियन डॉलरची, म्हणजे एकावर चौदा शून्य असलेली नोट काढली.

अशा चलनात पाणीपट्टी गोळा करून काहीच उपयोग नव्हता. महिन्याअखेर बिल वसूल होईपर्यंत त्या पैशाची किंमत शून्य झालेली असायची. पंपांचे सुटे भाग, रसायनं, क्लोरीन यांच्यासाठी परकीय चलन लागायचं आणि तेच नव्हतं.

घराघरांतही तेच. बँकेतून दिवसाला किती रक्कम काढता येईल यावर मर्यादा होती आणि त्यासाठी तासन्‌तास रांगा लागायच्या. पाणी उकळायचं तर वीज नाही, सरपण महाग आणि साबण परवडत नाही, अशी स्थिती होती. 'पाणी उकळून प्या, हात धुवा' हा सल्ला लोकांना माहीत होता, तो पाळण्याचं साधन त्यांच्याकडे नव्हतं.

दवाखाने असून उपचार का मिळाले नाहीत?

पाण्यामुळे आजार पसरला. पण मृत्यूंचा आकडा वाढला तो आरोग्य व्यवस्था कोसळल्यामुळे.

डॉक्टर आणि परिचारिकांचा महिन्याचा पगार कामावर येण्या-जाण्याच्या बसभाड्यालाही पुरेनासा झाला होता. अनेक जण देश सोडून दक्षिण आफ्रिका किंवा ब्रिटनमध्ये गेले होते. जे उरले, त्यांच्याकडे हातमोजे, सलाईन आणि साधी औषधंही नव्हती. नोव्हेंबर २००८ मध्ये हरारेतली पारिरेन्यात्वा आणि हरारे सेंट्रल ही दोन मोठी सरकारी रुग्णालयं जवळजवळ बंद पडली. त्याच महिन्यात निदर्शनं करायला निघालेल्या डॉक्टर आणि परिचारिकांना दंगलविरोधी पोलिसांनी पांगवलं.

ग्रामीण भागात परिस्थिती आणखी कठीण होती. नोव्हेंबर ते मार्च हा तिथला पावसाळा. त्यात डिसेंबरमध्ये ख्रिसमससाठी शहरातले लोक मूळ गावी जातात. अंत्यसंस्कारासाठीही मृतदेह गावी नेण्याची पद्धत आहे. त्यामुळे साथ शहरांकडून खेड्यांकडे सरकली. तिथे जवळचा दवाखाना अनेक किलोमीटरवर आणि वाहन मिळणं मुश्कील. कॉलऱ्याच्या तीव्र रुग्णाच्या हातात असतात काही तास आणि ते रस्त्यातच संपायचे. या साथीतले निम्म्याहून अधिक मृत्यू उपचार केंद्रांच्या बाहेर, घरी किंवा वाटेत झाले.

सरकारची भूमिका काय होती?

२००८ हे झिम्बाब्वेत तीव्र राजकीय संघर्षाचं वर्ष होतं. मार्चमधल्या अध्यक्षीय निवडणुकीत पहिल्या फेरीत एमडीसीचे मॉर्गन त्सवांगिराई आघाडीवर होते. दुसऱ्या फेरीआधी त्यांच्या समर्थकांवर मोठ्या प्रमाणावर हिंसाचार झाला आणि त्यांनी माघार घेतली. रॉबर्ट मुगाबे अध्यक्षपदी कायम राहिले.

याच धामधुमीत जून २००८ मध्ये सरकारने स्वयंसेवी संस्थांच्या क्षेत्रीय कामावर बंदी घातली. त्या विरोधकांना मदत करतात, असा सरकारचा आरोप होता. ही बंदी ऑगस्टच्या अखेरीस उठली, तेव्हा चिटुंगविझात कॉलरा सुरू झालेला होता.

साथ सुरू होऊन तीन महिने उलटल्यावर, डिसेंबर २००८ च्या सुरुवातीला सरकारने राष्ट्रीय आणीबाणी जाहीर करून जगाकडे मदत मागितली. पण त्यानंतर आठवडाभरातच, ११ डिसेंबरला मुगाबे यांनी एका भाषणात देशात आता कॉलरा उरलेला नाही, असं म्हटलं. तोवर मृतांचा अधिकृत आकडा ७०० च्या पुढे गेला होता आणि साथीचा सर्वांत वाईट काळ अजून यायचा होता. मुगाबे उपहासाने बोलत होते, असा खुलासा त्यांच्या प्रवक्त्याने नंतर केला. माहिती मंत्र्यांनी तर या साथीमागे ब्रिटनचा जैविक हल्ला असल्याचा आरोप केला. पाश्चिमात्य देशांच्या निर्बंधांमुळे ही वेळ आल्याचंही सरकार सांगत होतं.

परिस्थिती जास्तीत जास्त बिघडली तर रुग्णांची संख्या ६०,००० पर्यंत जाईल, असा डब्ल्यूएचओचा डिसेंबरमधला अंदाज होता. जानेवारी २००९ च्या अखेरीसच तो आकडा ओलांडला गेला.

साथ शेजारच्या देशात कशी पोहोचली?

बाइटब्रिज हे दक्षिण आफ्रिकेच्या सीमेवरचं झिम्बाब्वेचं गाव. मालट्रक, व्यापारी आणि कामाच्या शोधात निघालेले हजारो लोक इथून ये-जा करतात. नोव्हेंबरमध्ये इथे रुग्णांची संख्या झपाट्याने वाढली. उपचारासाठी लोक लिम्पोपो नदी ओलांडून दक्षिण आफ्रिकेतल्या मुसिना गावात जाऊ लागले. दक्षिण आफ्रिकेने डिसेंबरमध्ये सीमाभाग आपत्तीग्रस्त जाहीर केला. तिथे पुढे १२,००० हून अधिक जणांना लागण झाली, पण मृत्युदर झिम्बाब्वेच्या तुलनेत खूपच कमी, १ टक्क्याच्या आत राहिला. जीवाणू तोच होता. फरक होता तो चालू असलेल्या दवाखान्यांचा.

मग साथ आटोक्यात कशी आली?

डब्ल्यूएचओ, युनिसेफ, रेड क्रॉस, 'डॉक्टर्स विदाऊट बॉर्डर्स' अशा संस्थांनी देशभर कॉलरा उपचार केंद्रं उभारली. टँकरने पाणी पुरवलं, पाणी शुद्ध करणाऱ्या गोळ्या वाटल्या, शुद्धीकरण केंद्रांना रसायनं दिली आणि हरारेच्या वस्त्यांमध्ये बोअरवेल खणल्या.

२००९ च्या सुरुवातीला झिम्बाब्वेत परकीय चलनात व्यवहार करायला परवानगी मिळाली आणि महागाई थांबली. फेब्रुवारीत मुगाबे आणि त्सवांगिराई यांचं संयुक्त सरकार आलं. आरोग्य कर्मचाऱ्यांना परकीय चलनात भत्ते मिळू लागले आणि ते कामावर परतले. हरारेचा पाणीपुरवठा पुन्हा पालिकेकडे देण्यात आला. पावसाळा संपल्यावर रुग्ण कमी होत गेले आणि जुलै २००९ मध्ये साथ संपली.

त्यानंतर कॉलरा पुन्हा का आला?

जीवाणूची साखळी तुटली, पण जमिनीखालच्या जलवाहिन्या आणि मलवाहिन्या तशाच राहिल्या. शहर वाढत राहिलं आणि अनेक वस्त्या बोअरवेलवरच अवलंबून राहिल्या.

सप्टेंबर २०१८ मध्ये हरारेतल्या ग्लेन व्ह्यू आणि बुडिरिरोमध्ये पुन्हा साथ आली. फुटलेल्या मलवाहिन्यांमुळे बोअरवेल आणि विहिरींचं पाणी दूषित झालं होतं. दहा वर्षांपूर्वीची वस्ती तीच, कारणही तेच. १०,००० हून अधिक रुग्ण आढळले. मात्र यावेळी मृत्यू ६९ झाले, म्हणजे १ टक्क्यापेक्षा कमी. दवाखाने सुरू होते, आणीबाणी लगेच जाहीर झाली आणि लसीकरणही झालं.

फेब्रुवारी २०२३ मध्ये चेगुटू शहरातून आणखी एक साथ सुरू झाली. ती २०२४ च्या मध्यापर्यंत चालली. तिच्यात ३४,००० हून अधिक संशयित रुग्ण आणि ७०० हून अधिक मृत्यू नोंदले गेले. मृत्युदर पुन्हा २ टक्क्यांच्या आसपास गेला. यावेळीही हरारेत आणीबाणी जाहीर करावी लागली.

या तिन्ही साथी एकत्र पाहिल्या तर एक गोष्ट स्पष्ट होते. किती लोक आजारी पडतील, हे पाणी आणि मैला यांची व्यवस्था ठरवते. त्यातले किती दगावतील, हे आरोग्य व्यवस्था ठरवते. २००८ मध्ये दोन्ही एकाच वेळी कोलमडल्या होत्या. २०१८ मध्ये दुसरी सावरली होती, पहिली नाही.

लस दिली तर प्रश्न सुटेल का?

कॉलऱ्यावर तोंडावाटे देण्याची लस उपलब्ध आहे. दोन डोस घेतल्यावर काही वर्षं संरक्षण मिळतं. पण जगभर साथी वाढल्याने लसीचा साठा अपुरा पडू लागला. ऑक्टोबर २०२२ पासून साथीच्या ठिकाणी दोनऐवजी एकच डोस देण्याचा निर्णय घ्यावा लागला. २०२४ मध्ये झिम्बाब्वेतही एकाच डोसची मोहीम झाली. एका डोसचं संरक्षण कमी काळ टिकतं.

त्यामुळे तज्ज्ञ लसीकडे वेळ मिळवून देणारं साधन म्हणून पाहतात. त्या वेळात जलवाहिन्या बदलणं, सांडपाणी केंद्रं दुरुस्त करणं, वस्त्यांना नळाचं शुद्ध पाणी देणं ही कामं व्हावी लागतात. युरोप आणि उत्तर अमेरिकेतून कॉलरा हद्दपार झाला तो प्रामुख्याने शुद्ध पाणी आणि गटारांच्या जाळ्यामुळे.

डब्ल्यूएचओच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी १३ ते ४० लाख लोकांना कॉलरा होतो आणि २१,००० ते १ लाख ४३ हजार जणांचा त्यात मृत्यू होतो. हरारेपुरतं सांगायचं तर चिवेरो तलाव आजही शहराच्या खालच्या अंगालाच आहे आणि शहराचं सांडपाणी आजही त्याच नद्यांमधून त्यात उतरतं.